थंडी पिकाला कुठे गाठते?

२९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. वेधशाळेच्या तोवरच्या नोंदीतली ती नागपूरची सर्वांत थंड पहाट. अशा पहाटेची चर्चा आपल्याकडे शेकोटी, स्वेटर आणि शाळेच्या वेळा यांवर संपते. शेतकरी तर थोडा खूशच असतो, कारण गव्हाला आणि हरभऱ्याला थंडी मानवते. पण त्याच रात्री शेजारच्या वावरात पोटरीत आलेली रब्बी ज्वारी उभी असेल, तर तिच्या पोटात काय घडत असते याचा विचार सहसा होत नाही. पीक सकाळी हिरवेगार दिसते, पान करपत नाही, ताट लवत नाही. नुकसान कळते ते महिनाभराने, कणीस हातात घेतल्यावर.

थंड प्रदेशासाठी धान्याचे वाण घडवणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रशिया, कॅनडा किंवा बर्फाळ युरोप येतो. तो विषय आपला नाही असे वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातला पीक-पैदासकार गेली कित्येक वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहे, आणि ते पीक आहे ज्वारी. हा झगडा समजून घ्यायचा तर आधी उत्तरेकडचे लोक थंडीला कसे सामोरे गेले ते पाहावे लागते. थंडी किती पडते यापेक्षा ती पिकाला वाढीच्या कोणत्या टप्प्यावर गाठते, यावर पैदासकाराचे सगळे काम ठरते.

बाळपणी आणि म्हातारपणी

युरोपातला आणि रशियातला बराचसा गहू शरद ऋतूत पेरतात. रोप चार-सहा पानांचे होते आणि त्यावर बर्फ पडतो. हिवाळाभर ते रोप जमिनीला चिकटून निपचित असते आणि वसंतात पुन्हा वाढू लागते. या गव्हाला थंडी बाळपणी गाठते. त्याने नुसती ती सोसायची सवय लावून घेतली असे नाही. त्याला थंडीची गरजच निर्माण झाली. शून्य ते सात-आठ अंशांच्या थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय तो फुलावर येत नाही. ही त्याची सोयच आहे, नाहीतर शरदातल्या एखाद्या उबदार पंधरवड्याला फसून तो निसवला असता आणि बर्फात मेला असता. हाच गहू वाशीम जिल्ह्यात पेरला तर त्याला पुरेशी थंडी मिळणार नाही आणि तो गवतासारखा फुटवे काढत बसेल. आपला गहू दुसऱ्या जातकुळीचा आहे. त्याला अशा थंडीची अट नाही.

कॅनडाची अडचण वेगळी होती. तिथल्या पश्चिमेकडच्या मैदानात हिवाळा इतका कडक की शरदात पेरलेला गहू तगायचा नाही. म्हणून तो वसंतात पेरावा लागे, आणि दाणा पक्का व्हायच्या आत पुढची हिमवृष्टी यायची. तिथे थंडी पिकाला म्हातारपणी गाठत होती. 'रेड फाइफ' नावाचा त्यांचा गहू दर्जाला उत्तम, पण पक्व व्हायला उशीर लावणारा. म्हणून सरकारी प्रायोगिक शेतीचे प्रमुख विल्यम साँडर्स यांनी जगभरातून लवकर येणारे गहू मागवले. त्यांत कलकत्ता बंदरातून निर्यात होणारा 'हार्ड रेड कलकत्ता' नावाचा भारतीय गहू होता. १८९२ साली रेड फाइफशी त्याचा संकर झाला. त्या संततीतून साँडर्स यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी १९०३ नंतर निवड करून 'मार्क्विस' हा वाण काढला. तो रेड फाइफपेक्षा आठवडा-दहा दिवस आधी कापणीला येई. १९२० पर्यंत कॅनडाच्या पश्चिम मैदानातला बहुतांश गहू मार्क्विस झाला होता.

भारतातल्या गव्हाचे बर्फाच्या देशात काय काम, असा प्रश्न पडेल. आपल्या गव्हाला बर्फाची भीती नसली तरी उन्हाची असते. फाल्गुन-चैत्राच्या झळा लागायच्या आत दाणा भरला नाही तर तो चिमतो. शेकडो पिढ्या या घाईत गेल्यामुळे आपल्याकडच्या गव्हात लवकर पिकण्याचा गुण मुरला. आपण उन्हाच्या धाकाने कमावलेला गुण कॅनडाने हिमाच्या धाकाने वापरला. एका प्रदेशातले साधे गावरान बियाणे दुसऱ्या प्रदेशाच्या भलत्याच अडचणीवर कसे उपयोगी पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पोटरीत

तिसरी तऱ्हा आपल्याला सर्वांत जवळची आहे आणि तिचा अभ्यास जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइडो बेटावर झाला. भात हे उष्ण, पाणथळ प्रदेशातले पीक. होक्काइडोत ते होणार नाही म्हणून तिथले शासन सुरुवातीला गव्हाला आणि गुरांना प्रोत्साहन देत होते. पण नाकायामा क्यूझो नावाच्या शेतकऱ्याने १८७३ साली पाणी कोमट करून शेतात सोडत 'आकागे' या लाल कुसळाच्या स्थानिक भाताचे पीक काढून दाखवले. पुढे त्या बियाण्यावरूनच तिथली भातशेती वाढली.

तरीही दर काही वर्षांनी एखादा उन्हाळा गार जाई आणि लोंब्या पोचट निघत. रोप मरत नसे, पानही पिवळे पडत नसे. जपानी संशोधकांनी शोधून काढले की भाताचा सर्वांत नाजूक काळ पोटरीचा आहे. लोंबी अजून पानाच्या आवरणात असते आणि तिच्या फुलांमध्ये परागकण घडत असतात. त्या दिवसांत गारठा पडला तर पराग वांझ होतो. पराग नाही म्हणजे फलन नाही, आणि फलन नाही म्हणजे दाणा नाही.

यावर त्यांनी दोन उपाय केले. पहिला पैदाशीचा. शेतात मुद्दाम थंड पाणी खेळवायचे आणि त्यात ज्या ओळी भरल्या दाण्याच्या निघतील त्या निवडायच्या. दुसरा पाण्याचा. पोटरीच्या काळात बांधीत पाणी १५-२० सेंटिमीटरपर्यंत चढवायचे. त्या वेळी लोंबी खोडात जमिनीलगतच असते, म्हणून रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असलेले पाणी तिला पांघरुणासारखे होते. १९८८ मध्ये आलेला 'किरारा ३९७' हा होक्काइडोचा वाण चवीसाठीही गाजला आणि थंड मुलखातला तांदूळ हलका, हा समज मागे पडू लागला.

ज्वारीची अडचण

ज्वारी भातासारखीच उष्ण प्रदेशाची लेक आहे. पूर्व सुदानच्या भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने तिला शेतात आणले आणि तिथून ती समुद्रमार्गे भारतात आली. तिला ऊन सोसते, पाण्याचा ताण सोसतो, पण हिवाळा तिच्या वंशात नव्हता. तरी दख्खनच्या शेतकऱ्याने तिला हिवाळ्यात नेले. भाद्रपद-आश्विनात पेरायची, पावसाळ्यात काळ्या जमिनीने मुरवून ठेवलेल्या ओलाव्यावर वाढवायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. हिला पश्चिम महाराष्ट्रात शाळू, खानदेशात दादर आणि आपल्या वऱ्हाडात रिंगणी म्हणतात. पाऊस नसल्याने दाण्यावर बुरशी चढत नाही. मोत्यासारखी पांढरी ज्वारी आणि गोड कडबा ही रब्बीचीच देणगी.

पण या सोयीची किंमत आहे. रब्बी ज्वारीची उगवण ऑक्टोबरच्या उबदार मातीत होते, त्यामुळे बाळपणी थंडी नाही. दाणा पक्का होतो तो फेब्रुवारीत, तेव्हा म्हातारपणीही थंडी नाही. थंडी तिला नेमकी मध्ये, पोटरीत गाठते. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी नियंत्रित तापमानाच्या खोल्यांत ज्वारी वाढवून याचा उलगडा केला. फुलोऱ्याच्या साधारण दोन आठवडे आधी परागकोशात पराग घडवणाऱ्या पेशींचे अर्धसूत्री विभाजन चालू असते. त्या वेळी काही रात्री तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेले की पराग वांझ होतो. मादी भाग मात्र बहुतेक शाबूत राहतो. अशा कणसावर दुसऱ्या निरोगी ताटाचा पराग पडला तर दाणा धरतो.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. गावरान ज्वारीच्या जुन्या वावरात सगळी ताटे एका दिवशी निसवत नसत. कोणी चार दिवस पुढे, कोणी आठ दिवस मागे. एखादी कडक रात्र काहींच्या परागावर पडली तरी बाकीच्यांचा पराग वाऱ्यावर असे. ज्वारी मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते, पण गरज पडली तर शेजाऱ्याचाही स्वीकारते. म्हणजे जुन्या वावरातली विविधता हीच एक प्रकारची राखीव तरतूद होती.

मालदांडी आणि संकरित वाण

या गावरान ज्वारीतूनच सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवड पद्धतीने 'मालदांडी' म्हणजे एम ३५-१ हा वाण पुढे आला. दुष्काळ, खोडमाशी आणि हिवाळी रात्री या तिन्हींपुढे टिकणारा, वर भाकरीला आणि कडब्याला चांगला. त्याला आता नव्वदीच्या घरातले वय झाले, तरी रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात तो अजून पेरला जातो. खरिपाच्या ज्वारीत या काळात वाणांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या! दोन हंगामांत हा फरक का पडला?

उत्तरासाठी १९६४ कडे जावे लागते. त्या वर्षी सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. ज्वारीच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात, म्हणून संकरित बी मोठ्या प्रमाणावर करायचे तर मादी ओळीत पराग नसणे आवश्यक. १९५४ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी अशी नरवंध्य ओळ उपलब्ध केली होती. तिच्यावर योग्य नर ओळ वापरली की त्या नराकडून आलेली जनुके पुढच्या पिढीत पराग पुन्हा चालू करतात. शेतकऱ्याला मिळालेल्या बियाण्याच्या कणसात दाणा भरतो तो या जनुकांच्या भरवशावर. सीएसएच-१, त्यानंतर सीएसएच-५, सीएसएच-९ यांनी खरिपाचे उत्पादन वाढवले. विदर्भात 'हायब्रीड' हा शब्द ज्वारीमुळेच घराघरांत पोहोचला.

रब्बीत मात्र हे गणित बिघडले. पराग पुन्हा चालू करणारी ही व्यवस्था थंड रात्री ढिली पडते. शिवाय संकरित वावरातले प्रत्येक ताट जवळजवळ एकसारखे, सगळी एकाच आठवड्यात निसवणारी. कडक रात्र पडली तर सगळ्यांवर एकदम पडते आणि वाऱ्यावर उसना पराग उरत नाही. फलन न झालेले फूल उघडे राहिले की त्यात अरगट नावाची बुरशी शिरते आणि कणसातून मधासारखा चिकट द्रव गळू लागतो.

थंडी हे एकच कारण होते असे म्हणता येणार नाही. खोडमाशी, मुळांतून शिरून ताट लोळवणारा खडखड्या रोग, बुटक्या ताटाचा अपुरा कडबा आणि भाकरीची चव, ही सगळी कारणे होतीच. पण बाकीच्या उणिवा कमी-अधिक उत्पादनात मोडतात. पराग वांझ झाला तर वाढलेल्या पिकाच्या कणसात काहीच राहत नाही. म्हणून पैदासकारांनी रब्बीसाठी वेगळे संकरित वाण काढले. सीएसएच-८ आर, सीएसएच-१५ आर या नावांतला 'आर' हा रब्बीचा. त्यांचा प्रसार खरिपाच्या मानाने थोडाच झाला. अधिक यश सुधारित सरळ वाणांना आले. राहुरीच्या विद्यापीठाची फुले यशोदा, फुले वसुधा, फुले रेवती, परभणीची परभणी मोती, अकोल्याची पीकेव्ही क्रांती ही त्यातली नावे. त्यांचे वैशिष्ट्य असे की पैदासकार परदेशी बुटक्या ज्वारीपासून मागे वळून आपल्याच रब्बी पट्ट्याच्या जवळ आले.

जगात इतरत्रही हाच धडा मिळाला. मेक्सिकोच्या २००० मीटरपेक्षा उंच खोऱ्यांत ज्वारी नेण्यासाठी तिथल्या संशोधकांनी थंडी सोसणारी जनुके इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांच्या ज्वारीतून घेतली. चीनच्या ईशान्येकडच्या काओलियांग ज्वारीला वसंतातल्या गार मातीत उगवायचा सराव आहे, म्हणून उगवणीतला गारठा सोसण्यासाठी तिच्याकडे पाहतात. दोन्ही ज्वारीच, दोन्हींना थंडीची सवय, पण एकीचा गुण दुसरीच्या कामाचा असेलच असे नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या जनुकपेढीत ज्वारीचे सुमारे ४० हजार नमुने ठेवले आहेत. त्यांचे मोल अशा वेळी कळते.

मानोऱ्याच्या वावरात

आता आपल्याकडे येऊ. मानोरा तालुक्यात एके काळी ज्वारी हे मुख्य अन्न होते. गावात भाकरी, तांड्यावर बाटी, आणि गोठ्यात कडबा. ती ज्वारी मुख्यतः खरिपाची. तिचा फुलोरा पावसाळ्यातच येई, म्हणून तिला थंडीचा प्रश्न नव्हता. परतीच्या पावसात काळा पडणारा दाणा, पडता भाव, सोंगणीला न मिळणारे मजूर आणि रानडुकरांचा हैदोस यांनी ती गेली. तिच्या जागी सोयाबीन आले. आता गुरांना वैरण नाही, सोयाबीनचा भरवसा राहिला नाही, आणि भाकरीची ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. त्यामुळे सोयाबीन निघाल्यावर त्याच वावरात रब्बी ज्वारी घ्यावी असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे, पण पंचांग आणि पारा एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवा.

हिशेब सोपा आहे. मालदांडीसारखी ज्वारी पेरणीपासून साधारण ७५ दिवसांनी फुलोऱ्यात येते. २० सप्टेंबरला पेरली तर फुलोरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि पराग घडण्याचे दिवस त्याच्या दोन आठवडे आधी, म्हणजे २० नोव्हेंबरच्या सुमारास. त्या वेळी रात्री गार असतात, कडक क्वचितच. पण सोयाबीन काढून, वावर तयार करून २५ ऑक्टोबरला पेरली तर फुलोरा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जातो आणि पराग घडायची वेळ येते नेमकी नाताळच्या आठवड्यात. वाढ गारठ्याने मंदावते, त्यामुळे हा काळ आणखी पुढेच सरकतो. विदर्भातल्या सर्वांत थंड रात्री याच दिवसांतल्या. सोलापूरकडचा शेतकरी सप्टेंबरात पेरून या तावडीतून निसटतो. सोयाबीनमागून पेरणारा मात्र स्वतःहून तीत सापडतो.

होक्काइडोचा पाण्याचा उपाय इथे चालत नाही. भाताची लोंबी पोटरीत असताना जमिनीलगत असते, तर ज्वारीची पोटरी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. तिला पाण्याचे पांघरूण घालता येत नाही. संध्याकाळी दिलेल्या ओलिताने भिजलेली जमीन दिवसाची ऊब थोडी जास्त धरते, एवढाच त्याचा आधार. म्हणून ज्वारीसाठी हातात उरतात तीन गोष्टी: पेरणीची तारीख, वावराची निवड आणि बियाणे.

तारखेसाठी लवकर निघणारे सोयाबीन किंवा मूग-उडदाचे वावर निवडता येईल. वावराच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते हे की थंड हवा जड असते आणि रात्री उतारावरून खाली वाहत जाऊन साचते. नाल्याकाठच्या सखल वावरात पहाटे जो गारठा असतो तो चढावरच्या वावरात नसतो. उशिराची ज्वारी चढावर बरी. बियाण्याच्या बाबतीत जुन्या खरीप ज्वारीचे जपलेले बी रब्बीत टाकू नये. ते कितीही गावरान असले तरी त्याची परीक्षा पावसात झाली आहे, थंडीत नाही. रब्बीसाठी शिफारस झालेले वाण घ्यावेत आणि त्यांतलेही दोन-तीन, निसवण्याची वेळ थोडी मागेपुढे असणारे, शेजारी शेजारी पेरावेत.

आणि ज्याला आपल्या बियाण्याची खरी परीक्षा घ्यायची आहे, त्याच्यासाठी पैदासकारांची एक जुनी पद्धत आहे. कणीस पोटरीतून बाहेर पडले की, पहिले फूल उमलायच्या आत, पाच-सहा कणसांवर कागदी पिशव्या बांधाव्यात. पिशवीत शेजाऱ्याचा पराग येत नाही आणि दाणे पोकळ करणारी मिजमाशीही येत नाही. तीन आठवड्यांनी पिशवी काढावी. आत दाणा भरलेला असेल तर त्या ताटाचा स्वतःचा पराग थंडीत जिवंत राहिला. पिशवीतले कणीस रिकामे आणि बाहेरचे भरलेले असेल, तर ते ताट उसन्या परागावर तगले आहे आणि त्याचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. कणीस टोकाकडून खाली सुमारे आठवडाभर फुलत येते, त्यामुळे कधी कधी त्याचा मधलाच एक पट्टा रिकामा राहू शकतो. थंडीची लाट कोणत्या दिवशी आली होती हे वहीत लिहून ठेवले असेल, तर तो पट्टा आणि ती तारीख ताडून पाहता येते.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कागदी पिशव्या, सुतळी, साधा तापमापक आणि वही पुरते. मोहोळला मालदांडी निवडली गेली तेव्हाही डोळे, वही आणि शेतकऱ्यांनी जपलेले बियाणे हेच भांडवल होते. यंदा ज्यांची ज्वारी या अंकाच्या सुमारास जमिनीत पडली असेल, त्यांनी पेरणीची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि डिसेंबर उजाडताच पिशव्या तयार ठेवाव्यात.